साडेसातशे रुपयांचे साहेब

पगार माणसाच्या हुशारीवर ठरतो असं शाळेत सांगतात आणि वशिल्यावर ठरतो असं घरी. तो गावाच्या खानेसुमारीवर ठरतो, हे मला सीएच्या ऑफिसात आर्टिकल, म्हणजे शिकाऊ पोरगा, म्हणून चिकटल्यावर समजलं. सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या नियमांत तसा तक्ताच होता. वीस लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरात आर्टिकलला पहिल्या वर्षी महिना किमान 1000 रुपये, चार ते वीस लाखांच्या शहरात 750, आणि त्याखालच्या गावात 500. कोल्हापूर पाच-साडेपाच लाखांचं, म्हणून आम्ही साडेसातशेचे. माझा एक मित्र इचलकरंजीत आर्टिकल होता. इचलकरंजी तीन लाखांच्या आत, म्हणून तो पाचशेचा. गावात कुणाकडे पाळणा हलला की बाळाच्या आजीच्या खालोखाल आनंद त्याला व्हायचा. उरलेली लाखभर माणसं लवकर जन्माला यावीत, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती.

तक्त्यात ‘किमान’ असा शब्द होता. ऑफिसांत तो ‘बास’ असा वाचला जायचा. त्यावर कुणी कुरकुर केली की आमचे सर इतिहास काढायचे. हा धंदा मुळात विलायतेचा. एडिनबरोच्या हिशेबनिसांना 1854 साली राजसनद मिळाली, आणि त्या काळी शिकाऊ पोराला पगार कसला, उलट पोराचा बापच उस्तादाकडे रोख प्रीमियम मोजायचा. सर ही माहिती इतकं हळहळून सांगायचे की ऐकणाऱ्याला आपलेच साडेसातशे परत करावेसे वाटावेत. पुढे 1 जुलै 1949 ला आपला स्वतःचा कायदा अमलात आला, इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि बऱ्याच वर्षांनी का होईना, पैशाचा प्रवाह उलटा फिरला. प्रवाह म्हणायचा ही रीत झाली. वर्षभर त्याची धार काही जाड झाली नाही.

माझ्या वेळी वाट अशी होती: बारावी कॉमर्स, मग सीपीटी नावाची गोळे काळे करायची परीक्षा, मग आयपीसीसी या पुढच्या परीक्षेचा निदान एक ग्रुप, आणि मग तीन वर्षं आर्टिकलशिप. म्हणजे मिशी नीट फुटायच्या आत करार. आणि करार म्हणजे खराखुरा करार, छापील फॉर्म, मुद्रांक, दोन्हीकडच्या सह्या. सरांनी धंदा शिकवायचा, पोरानं तो मन लावून शिकायचा, ऑफिसातली गुपितं बाहेर फोडायची नाहीत. घरच्यांना हे सगळं फार भारदस्त वाटायचं. सकाळी सातला बी.कॉम.चं कॉलेज, दहाला ऑफिस, रात्री क्लास. दुपारी घरी आलेल्या पाहुण्यांना आई सांगायची, “सीए करतोय.” हे वाक्य पुढे किती वर्षं वापरावं लागणार आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

धंदा शिकवायची सुरुवात झेरॉक्सपासून होते. मग पंचिंग: कागदाच्या बरोबर मध्यावर भोकं पाडायची, टॅग ओवायचा, फाइलीवर पार्टीचं नाव आणि आर्थिक वर्ष लिहायचं. हे काम हलकं समजणाऱ्यांनी एकदा चारशे व्हाउचरं तारखेनं लावून बघावीत. मग चलन घेऊन बँकेच्या रांगेत उभं राहणं. मग टाइप झालेल्या ताळेबंदावर सरांची सही झाली की त्याखाली शिक्का मारणं. शिक्का सरळ बसला पाहिजे, शाई पसरता कामा नये, आणि सरांच्या सहीवर तो चढता कामा नये. ऑडिटच्या पाठ्यपुस्तकांत याचा एक शब्द नाही, पण ज्याचा शिक्का वाकडा त्याचा ताळेबंदही वाकडा, असं आमच्या ऑफिसात मानलं जायचं.

संगणकयुगही तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. आयकराचं विवरणपत्र इंटरनेटवरून भरायचं, मग त्याची पावती छापायची, त्यावर पार्टीची पेनानं सही घ्यायची, आणि तो कागद बेंगळुरूला पाठवायचा. तोही साध्या टपालानं. कुरिअर चालणार नाही, अशी सरकारची स्पष्ट सूचना. देशाची अर्थव्यवस्था ई-फायलिंगवर गेली होती आणि ते ई-फायलिंग पाच रुपयांच्या तिकिटावर बसून बेंगळुरूला जात होतं. पार्ट्यांना हे समजावताना आमच्या तोंडाला फेस यायचा. “म्हंजे काँप्युटरवर भरलंयसा न्हवं? मग टपाल कशाला?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अर्थमंत्र्यांकडेही असेल असं वाटत नाही.

तर असा हा झेरॉक्सवाला, शिक्केवाला पोरगा ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर पडून ऑडिटला गेला की साहेब व्हायचा.

यात अतिशयोक्ती नाही. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत किंवा लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात पाऊल टाकलं की आतून हाक यायची, “ऑडिटवाले साहेब आलेत रे, खुर्ची आण.” खुर्ची आणणारा माणूस पन्नाशीचा, बसणारा एकोणीस वर्षांचा. पंखा त्याच्याकडे वळवला जायचा. चहा यायचा, चहा झाला की पाणी, पाणी झालं की परत चहा. मालक समोर हात जोडून उभा, आणि साहेबाच्या खिशात घरी जायच्या केएमटी बसचे सुट्टे. कोटी-कोटीच्या वह्या उघडून हा गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं प्रत्येक आकड्यापुढे हिरव्या पेनानं टिक मारत बसायचा. टिक म्हणजे काय, तर ‘मी पाहिलं’. काय पाहिलं हे कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी आर्टिकलनं लाल टिक मारली असेल, तर यंदा हिरवी. एका जुन्या पार्टीच्या वह्यांत मी इतक्या रंगांच्या टिका पाहिल्यात की तिथे किती पोरं मोठी होऊन गेली, त्याचा हिशेब लागावा.

साहेबाला अधिकार एकच असतो: “याचा कागद आहे का?” असं विचारायचा. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच दुकानात, त्याचाच चहा पीत, त्यानं स्वतःच्या पैशानं केलेल्या खर्चाचा पुरावा मागायचा. घरी आईला ‘पन्नास रुपये कशाला हवेत’ याचं उत्तर देताना तोतरं होणारं पोरगं इथे विचारतं, “हे हमालीचे चार हजार कुणाला दिले?” आणि गंमत म्हणजे लोक उत्तर देतात.

आता हे शिकवतं कोण? सर फार तर आठवड्यातून एकदा फाइल चाळून म्हणायचे, “नीट बघितलंस ना?” खरं शिक्षण झालं ते ज्यांचे हिशेब तपासायला जायचो त्यांच्याकडूनच. मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका अडतीवर एक दिवाणजी होते. डोक्याला टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, समोर लाल कापडी पुठ्ठ्याची कीर्द. दुकानात संगणकावर हिशेब ठेवणारं टॅली आलेलं होतं, मालकाचा मुलगा ते चालवायचाही. पण दिवाणजी रात्री आपल्या रोजमेळावर ‘श्री’ काढून दिवसभराचा व्यवहार हातानं उतरवायचेच. टॅली लाइट गेली की बंद पडतं, यापलीकडे त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पूर्वी ह्यांचं वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालायचं. 1989 पासून सरकारनं सगळ्यांना एप्रिल ते मार्च असं एकच वर्ष लावून दिलं, तो दिवस दिवाणजींनी मनाला लावून घेतलेला होता. “लक्ष्मी दिवाळीत येतीया. मार्चमधी येतोय त्यो इन्स्पेक्टर,” असं ते म्हणायचे. म्हणून ते दोन्ही करायचे: सरकारसाठी मार्च, देवासाठी पाडवा.

त्यांनी मला एका दुपारी जे सांगितलं ते तीन वर्षांच्या क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. अडतीची एक जुनी ट्रक होती, तिच्या दुरुस्तीची बिलं मी टिकत होतो. सगळ्या बिलांना कागद होता, सही होती, पाच हजारांवरच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीटही होतं. दिवाणजी शेजारून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. “पोरा, बिलाचा आकडा बघतोयस, जरा नंबर बघ की.” मी नंबर बघितले. जूनचं बिल 41, ऑगस्टचं 42, डिसेंबरचं 43, फेब्रुवारीचं 44. उद्यमनगरातल्या त्या गॅरेजला आमच्या ट्रकशिवाय वर्षभर दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. “ट्रक कवाच भंगारात गेलीया,” दिवाणजी शांतपणे म्हणाले आणि कीर्दीत डोकं घातलं. मालकाच्या मिठाला जागून आणि हिशेबाच्या धर्मालाही जागून त्यांनी हे कसं साधलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा मालकाचा मुलगा टॅली चालवायला लागल्यापासून त्यांच्या मनात काहीतरी साचलेलं असावं.

त्यानंतर मी कागदाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो आणि व्हाउचरं बोलायला लागली. त्या काळी 20,000 रुपयांच्या वर रोखीनं खर्च केला की आयकरात तो खर्च धरला जायचा नाही. कायद्याचा हेतू असा, की मोठे व्यवहार चेकनं व्हावेत. व्यापाऱ्यांनी कायदा नीट वाचला आणि महाराष्ट्रातल्या यच्चयावत मालाची किंमत 19,900 झाली. वाळू 19,900, विटा 19,900, रंगारी 19,900. सोमवारी 19,900, मंगळवारी 19,850, बुधवारी परत 19,900. मंगळवारी पन्नास रुपये कमी का, तर सारखं सारखं बरं दिसत नाही. मी एका बांधकामवाल्यांना विचारलं, “काका, एकदाही वीस हजार कसे झाले नाहीत?” ते म्हणाले, “अवो सायेब, आमी भाव करून घेतो न्हवं.”

पुढची मोठी शाळा म्हणजे भांडवल. धंद्यात पैसा आला कुठून, हा प्रश्न ऑडिटमध्ये विचारावाच लागतो. मुंबईकडे याला काय उत्तर देतात माहीत नाही, आमच्याकडे उत्तर एकच: शेती. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ज्याला गुंठाभरही शेती नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. आता तुम्ही म्हणाल, इथे ऊस. पण उसात एक खोट आहे. ऊस कारखान्याला जातो, कारखाना वजनाची पावती देतो, बिल बँकेत जमा करतो. उसाला फार कागद असतात. त्यामुळे बँकेबाहेरून येणाऱ्या लाखालाखाच्या रकमा उसातून यायच्या नाहीत, त्या भाजीपाल्यातून यायच्या. वांगी, टोमॅटो, कोथिंबीर यांना पावती नसते. कागदोपत्री कोल्हापूर जिल्ह्यात जेवढी कोथिंबीर पिकली आहे, तेवढी खरंच पिकली असती तर तांबड्या रश्श्याचा रंग बदलला असता. एका पार्टीच्या वहीत बावीस गुंठ्यांत अडीच लाखांचं टोमॅटो निघालं होतं, तेही ज्या साली भाव पडले म्हणून लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. मी विचारलं तर मालक म्हणाले, “आमी वतलं न्हाई, म्हणून तर पैसं झालं.” असल्या तर्कापुढे एकोणिसाव्या वर्षी काय बोलणार? टिक मारली, आणि शेजारी पेन्सिलीनं छोटं प्रश्नचिन्ह काढून सरांसाठी ठेवलं. सरांनी ते प्रश्नचिन्ह बघितलं, खोडरबरनं पुसलं, पार्टीला फोन लावला आणि दार लोटून घेतलं. दाराआड काय झालं माहीत नाही, पण अंतिम हिशेबात टोमॅटोचा भाव बराच उतरला होता.

इचलकरंजीचं ऑडिट वेगळ्याच कारणानं लक्षात आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये शंभर माग एका वेळी धडाडत असतात आणि ऑफिस म्हणून जी खोली असते ती शेडला लागूनच. हिशेबातल्या गोष्टी दबक्या आवाजात बोलायच्या असतात, हा जगाचा रिवाज तिथे चालत नाही. “सुताच्या बिलात फरक आहे!” हे मी ओरडून सांगायचो आणि मालक ओरडून विचारायचे, “किती?” “चाळीस हजार!” “कुणाच्या नावावर?” “तुमच्या मेव्हण्याच्या!” नेमका त्याच क्षणी वीज जायची. शंभर माग एकदम थांबायचे, आणि ‘मेव्हण्याच्या’ हा शेवटचा शब्द शेडभर घुमत राहायचा. कामगार मागावरच्या सुताकडे बघत उभे राहायचे. इन्स्टिट्यूटच्या करारात गुप्तता पाळायचं कलम घालणाऱ्यांनी यंत्रमाग पाहिलेला नसावा.

हुपरीला चांदीच्या पैंजणांचं वजन बघायला जायचो. तिथे जमीन झाडून निघालेली धूळसुद्धा टाकत नाहीत, तिच्यातूनही चांदी काढतात. बाहेर पडताना आमचे बूट झटकून घ्यावेत असं मालकाच्या मनात यायचं, पण साहेब म्हटल्यावर बोलता येत नव्हतं.

आणि मग 31 मार्च. वर्षअखेरीला माल प्रत्यक्ष मोजायचा असतो. पुस्तकात याला भारी नाव आहे. प्रत्यक्षात फाउंड्रीच्या आवारात भर उन्हात भंगार लोखंडाचा डोंगर असतो आणि त्याच्यापुढे एक वही घेऊन आर्टिकल उभा असतो. डोंगराचं वजन किती? सुपरवायझर म्हणतो, “सत्तर टन हाय.” कशावरून? “मी रोज बघतोय की.” टेप लावून लांबी-रुंदी-उंची काढायची, शंकूच्या घनफळाचं सूत्र आठवायचं, लोखंडाच्या मधल्या पोकळीचं काय करायचं ते देवावर सोडायचं, आणि उत्तर आलं पाहिजे सत्तर टनांच्या आसपास. येतंच. गुळाच्या गोदामात उलटी कथा. तिथे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, नीट एकावर एक रचलेले असतात, मोजायला सोपे. पण मोजणाऱ्याच्या आधी मुंगळे पोचलेले असतात आणि त्यांना कुणी ऑडिटचं पत्र दिलेलं नसतं. मागची रांग भिंतीपर्यंत आहे की पुढे नुसता देखावा आहे, हे बघायला हात आत घालावा लागतो. ऑडिटरनं चौकस असावं असं पुस्तकात लिहिलंय. किती चौकस असावं, हे मुंगळा ठरवतो.

मार्च संपला की लगेच बँकेचं शाखा-ऑडिट. हा आर्टिकलच्या आयुष्यातला लग्नसराईचा काळ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरांना चंदगडकडची किंवा गगनबावड्याकडची एखादी शाखा मिळालेली असायची, आणि आम्ही लॅपटॉप, प्रिंटर, शिक्का, लेटरहेडं घेऊन एसटीनं निघायचो. शाखेतला माणूस न् माणूस रात्र-रात्र जागून हिशेब बंद करून लाल डोळ्यांनी बसलेला. तरी मॅनेजर दारात स्वागताला हजर. कारण थकलेलं कर्ज: नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं अनुत्पादित ठरवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक, आणि ती यादी छोटी दिसावी ही मॅनेजरची इच्छा. यादीतली निम्मी खाती 31 मार्चच्या संध्याकाळी अचानक उठून बसलेली असायची. वर्षभर ज्यानं फोन उचलला नाही, तो कर्जदार नेमका त्या संध्याकाळी पाच वाजता येऊन पैसे भरून गेलेला, आणि 2 एप्रिलला तेवढेच पैसे परत घेऊन गेलेला. “लई प्रामाणिक माणूस,” मॅनेजर म्हणायचे.

पण या सगळ्यात जेवण होतं. ऑडिटचं खरं वैभव जेवणात आहे, हे कुणी उघड मान्य करत नाही. सकाळी पोहे, अकराला भजी, दुपारी शाखेच्या मागच्या खोलीत केळीच्या पानावर मटण आणि दोन्ही रस्से, चंदगडहून निघताना काजूची पिशवी. इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत स्वातंत्र्यावर मोठं प्रकरण आहे. ऑडिटर पार्टीपासून स्वतंत्र असला पाहिजे, नुसता असून भागत नाही, तसा दिसलाही पाहिजे. तिसऱ्यांदा पांढरा रस्सा वाढून घेताना माणूस कितपत स्वतंत्र दिसतो, हे त्या प्रकरणात नाही. सरांनी यावर आपला तोडगा काढला होता. ते सगळ्या शंका जेवणाआधी लिहून काढायचे, कागदावर सही करायचे, मग हात धुवायचे. जेवताना मॅनेजर कितीही गोड बोलले तरी सर ताटातून वर न बघता म्हणायचे, “ते आता कागदावर गेलं.” सरांबद्दल मला जो आदर आहे तो या एका वाक्यापायी आहे. साडेसातशे त्यातून वजा करूनसुद्धा.

वर्षाचा दुसरा सण 30 सप्टेंबर. त्या वेळी साठ लाखांच्या वर उलाढाल असलेल्या धंद्याचं टॅक्स ऑडिट त्या दिवसापर्यंत पुरं व्हायचं असे. सहा महिने हात मोकळे असतात, पण व्यापारी माणूस 28 सप्टेंबरच्या आधी ऑफिसची पायरी चढेल तर शपथ. आणि तो येतो तो पिशवी घेऊन. पिशवीवरून पार्टी ओळखायची विद्या मला तिथे साधली. महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानाची पिशवी असेल तर आत बायकोनं नीट घड्या घालून, रबर लावून ठेवलेली बिलं. खताची गोणी असेल तर बिलांबरोबर खरोखरच थोडं खत. नुसती काळी प्लॅस्टिकची पिशवी आली की सीनियर आर्टिकल उठून चहाला जायचा. तिच्यात काय नसायचं? लाइटबिल, देवस्थानची पावती, लग्नपत्रिका, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी, मुलाचं प्रगतिपुस्तक. एकदा एका प्रगतिपुस्तकात गणितात 31 मार्क बघून आमच्या सीनियरनं पार्टीच्या नफ्याचा अंदाज बांधला होता आणि तो बराच जवळ आला होता.

रात्री साडेअकराला आयकराची साइट अडकायची. प्रिंटर तापलेला, वडापाव थंड झालेला, सर एका मागून एक सह्या करतायत, मी शिक्के मारतोय, आणि बाकावर बसलेली पार्टी विचारतेय, “हुईल न्हवं आज?” या सगळ्या धांदलीत कुणीतरी हळूच बातमी आणायचं की मुदत वाढणार म्हणे. ही बातमी दरवर्षी यायची. कधी खरी निघायची, कधी नाही. खरी निघाली की सगळ्यांत जास्त चिडचिड ज्याचं काम झालंय त्याची व्हायची.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही. निकालाच्या दिवशी फोन बंद ठेवायचा आणि लग्नाला गेलं तर मावश्यांपासून लांब बसायचं, एवढं तंत्र पुरतं.

आता माझ्याच ऑफिसात आर्टिकल आहेत. जग बदललं. 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली, तक्त्यातले आकडेही वाढले. मी किमानच्या वर देतो, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. रोख खर्चाची मर्यादा 20,000 वरून 10,000 झाली आणि त्याबरोबर विटा, वाळू, रंगारी सगळेच 9,900 वर उतरले. महागाई कमी करायचा एवढा सोपा उपाय रिझर्व्ह बँकेला अजून सापडलेला नाही. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, नेमका सीए-दिनाला. सरकारनं कुठल्या धंद्याला वाढदिवसाची इतकी टिकाऊ भेट दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पिशव्या गेल्या. आता बिलं व्हॉट्सॲपवर येतात, तिरकी, अर्धी, मालकाच्या अंगठ्यासकट, आणि त्यांच्या मधेमधे सुप्रभातचे गुलाब. माझ्या ऑफिसातली एक आर्टिकल मुलगी जीएसटीच्या रिटर्नपायी दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास दिवसभर एकच वाक्य बोलत असते: “काका, ओटीपी आला का?” काका म्हणतात, आला होता, पण फोन नातवाकडं हाय.

काल तिला मी पहिल्यांदाच एकटीला गुळाच्या गोदामात माल मोजायला पाठवलं. दीड वाजता तिचा फोन आला.

“सर, मालक म्हणतायत आधी जेवून घ्या, मग मोजा.”

“आधी मोज.”

“मोजायला चालले होते, पण गोदामाची किल्ली वहिनींकडे आहे.”

“मग घे ना वहिनींकडून.”

“त्या भाकरी थापतायत. म्हणाल्या, ताटावर बसलीस की देते.”

मी जरा विचार केला. “किती रवे दाखवलेत वहीत?”

“बाराशे चाळीस.”

“तो आकडा आत्ता त्यांच्या सहीनं कागदावर घे,” मी म्हणालो. “आणि पांढरा रस्सा असेल तर दुसऱ्यांदा घेऊ नकोस.”

“सर, दुसरी वाटी आधीच वाढलीय.”